पूर्णविरामासकट

माझे डोळे गेले ते मधोमध. कडेचं सगळं दिसतं. दाराची चौकट दिसते, दारात उभ्या असलेल्या माणसाचे कान दिसतात, चेहऱ्याच्या जागी मात्र ओल्या बोटाने पुसून काढल्यासारखा करडा डाग. डॉक्टरांनी हे सांगताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघ्याला काही झालं नव्हतं. मग त्यांच्याकडच्या समुपदेशक बाई मला वेगळ्या खोलीत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "आपण याच्याकडे एक संधी म्हणून पाहू या." मी म्हटलं, "तुम्ही पाहा. मला जमणार नाही." बाई हसल्या असाव्यात, कारण त्यांचे कान हलले.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून संगणक विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. माझे शेरे कचेरीत प्रसिद्ध होते. एका कनिष्ठाच्या अहवालावर मी लिहिलं होतं, "कागद उत्तम आहे, त्यावर छापायला नको होतं." लोक हा शेरा अजून एकमेकांना सांगतात, आणि ज्याच्यावर मारला तो रस्त्यात भेटला तर अजून पलीकडच्या बाजूने जातो. पण एक सांगतो, समोर आलेलं लिखाण शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मी कधी शेरा मारला नाही. घरचं लिखाण यात धरत नाही.

डोळे गेल्यावर वाचायचं काम बायकोकडे आलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. आवाज असा खणखणीत की मागच्या बाकावरचा झोपलेला मुलगाही दचकून उठायचा. सकाळी चहा झाला की ती वर्तमानपत्र वाचायची, मग मेल, मग औषधांच्या डब्यांवरचं बारीक अक्षर. मध्येच पान उलटल्याचा आवाज यायचा आणि ती म्हणायची, "हे काही नाही, नेहमीचंच." मी ऐकून घ्यायचो. नेहमीचंच असेल म्हणून कुणी भांडत नाही.

मग एक दिवस मी व्हॉल्व्हला फोन लावला.

व्हॉल्व्ह म्हणजे कचेरीतला माझा मित्र. पाइपलाइनवर अभियंता होता आणि कुठल्याही विषयावरून गाडी व्हॉल्व्हवर आणायचा, म्हणून हे नाव. फोन त्याच्या बायकोने उचलला. मी नेहमीच्या उत्साहात म्हणालो, "काय वहिनी, व्हॉल्व्ह आहे का घरात, की गळतोय कुठेतरी?" मग वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" व्हॉल्व्हला जाऊन महिना उलटून गेला होता. वर्तमानपत्रात फोटोसकट आलं होतं. कचेरीच्या लोकांनी मेलही पाठवला होता. तो दिवस आमच्याकडे 'नेहमीचंच' म्हणून उलटला गेला होता.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी ख्याती आहेच. पण मेलेल्या मित्राच्या बायकोशी मी विनोद केला, आणि तो माझ्याच घरातल्या माणसाने मला करायला लावला. फोन ठेवला आणि बायकोला विचारलं, हे मला का वाचून दाखवलं नाहीस.

"तुमचं बीपी वाढलं असतं," बायको म्हणाली.

"माणूस मेला आणि तू माझं बीपी मोजत बसलीस?"

"तो गेलाच होता. तुम्ही होतात."

या वाक्यावर माझ्याकडे शेरा नव्हता, म्हणून मी आवाज चढवला. म्हणालो, वगळून वाचणं आणि खोटं बोलणं यात काडीचाही फरक नाही. म्हणालो, मी आंधळा होतोय, कुक्कुलं बाळ होत नाहीये. यापुढे माझ्यात आणि मजकुरात कुणाचंही तोंड येता कामा नये. ती चहाचे कप उचलून आत गेली.

आता यावर उपाय म्हणून आमच्या लेकीने काय केलं, तर एक बोलणारा फोन पाठवला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं म्हणतात. इथे डोळा राहिला बाजूला, मिळाली एक गोड आवाजाची पोरगी. मी तिचं नाव गोडबोली ठेवलं. सकाळी हातात घेतला की गोडबोली म्हणायची, "सुप्रभात! आज आपण काय वाचू या?" मी म्हणायचो, मेल. ती म्हणायची, "तुम्हाला पाच मेल आले आहेत. मी थोडक्यात सांगू का?" थोडक्यात! म्हणजे हिच्यापेक्षा बायको परवडली. बायको निदान काय गाळायचं ते स्वतः वाचून ठरवत होती.

घरातल्या संगणकावरही असलीच तऱ्हा. त्यावरची विकतची प्रणाली मला रोज रात्री फर्निचर हलवणाऱ्या घरमालकासारखी वाटायची. काल डावीकडे असलेलं बटण आज उजवीकडे, परवा तीन रेघांच्या आड. डोळस माणूस शोधतो. मी बाणाचं टोक त्या करड्या डागात हरवून बसायचो आणि माउस टेबलावर आपटायचो. पडद्यावर चित्रंच चित्रं, आणि मला हवे होते शब्द.

तेव्हा मला लिनक्सची आठवण झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी प्रणालीच, पण ती कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी लिहिलेली, आणि आतलं सगळं उघडं. ज्याला हवं त्याने वाचावं, पटलं नाही तर बदलावं. आणि तिच्यात एक काळा पडदा असतो. त्यावर आपण एक ओळ लिहायची, तो उत्तराची ओळ लिहितो. चित्र नाही, बटण नाही, सुप्रभात नाही.

माझी तिची ओळख जुनी होती, पण ती लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्यांची असते तशी. घरच्या संगणकावर मी ती पूर्वी दोनदा बसवली होती. दोन्ही वेळा नव्याचे नऊ दिवस. वॉलपेपर बदलायचा, खिडक्यांचे कोपरे गोल करायचे, चार कमांड पाठ करून चारचौघांत मिरवायच्या, आणि प्रिंटर चालला नाही की मुकाट्याने विकतच्याकडे परत. असे लिनक्सवाले मी पुष्कळ पाहिलेत. घर रोज रंगवतात, राहत कधीच नाहीत. या वेळी मी ठरवलं, की मुळापासून शिकायचं. रंग मला तसाही दिसणार नव्हता.

जावयाला हे कळलं तेव्हा तो फोनवर हसला. जावई एका मोठ्या कंपनीत सोल्युशन्स विकतो. कुठल्या प्रश्नावरची, ते त्याला विचारू नये.

"बाबा, आता कोण वापरतं हो ते? आणि या वयात?"

"वापरणाऱ्याचं वय विचारत नाही ती. तुझ्या संगणकावरची विचारते का?"

"नाही म्हणजे, आईंना त्रास होईल. बिघडलं की त्यांनाच बघावं लागेल."

"तिला पुष्कळ काम आहे," मी म्हणालो. ते खरं होतं. ती पुस्तक लिहीत होती.

या पुस्तकाचं सांगायला हवं. निवृत्त झाल्यापासून बायको भिंतींवर काय काय उगवतं त्यावर मुलांसाठी पुस्तक लिहीत होती. शेवाळ, दगडफूल, बुरशी, भेगेतलं गवत. भिंग घेऊन गल्लीतल्या भिंतींपाशी उभी राहायची. लोक मला विचारायचे, वहिनींचं काही हरवलंय का? तिने एकदा मला वाचून दाखवायला घेतलं. मी दोन पानं ऐकली आणि म्हणालो, "शेवाळाला वाचता येत असतं तर पुस्तक खपलं असतं." तिने कागद सारखे केले, फाइलमध्ये ठेवले आणि स्वयंपाकघरात गेली. पुढचं मला कधी ऐकवलं नाही, मीही मागितलं नाही. पुढे तिने ते टाइप करून एका प्रकाशकाकडे पाठवलं. घरात मेलचा पत्ता एकच, माझ्या नावाचा. तिथूनच गेलं. तेव्हापासून सकाळी मेल झाले की ती स्वतःशीच म्हणायची, "आजही काही नाही."

लिनक्स बसवणं सोपं निघालं, हे लिहिताना मला थोडं वाईट वाटतं. पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की एक बीप वाजते. ती वाजली की एक ठरावीक अक्षर दाबून एंटर करायचं, आणि इन्स्टॉलर बोलायला लागतो. कुणीतरी कुठेतरी बसून विचार केला होता की पहिल्या मिनिटापासून न दिसणारा माणूस समोर असू शकतो. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला नाही. एक बीप ठेवली. त्या माणसाला मी मनातल्या मनात शंभरपैकी शंभर दिले, आणि मी शंभरपैकी शंभर कुणाला देत नाही.

त्यातून बोलायला लागला तो कारकून, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम. मी त्याला कारकूनच म्हणायचो. आवाज पत्र्याचा, मराठी बोलताना जणू तोंडात खडे. 'वाचनालय' म्हणताना तो मध्येच दम घ्यायचा. पण मान वर न करता पुढ्यात आलेला कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा. सांगितलं तर विरामचिन्हंही वाचायचा. स्वल्पविराम. पूर्णविराम. उद्गारचिन्ह. पहिल्या दिवशी त्याने आमच्या राहत्या सोसायटीचा मेल वाचला. "सभासदांनी थकबाकी भरावी पूर्णविराम अन्यथा नळ तोडला जाईल पूर्णविराम." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असल्या मजकुरावर रडलेला मी पहिलाच सभासद असेन.

बायको दारात उभी होती. "हा असाच बोलणार का कायम?"

"असाच."

"जरा माणसासारखा आवाज नाही मिळत?"

"माणसासारखा आवाज झाला की माणसासारखं गाळायला लागेल."

तिचे कान दारातून गेले.

मग मी शिकायला बसलो. प्रत्येक कमांडचं मॅन्युअल लिनक्सच्या आतच असतं. ते लिहिणारे लोक रुक्ष आहेत. उदाहरण द्यायचं त्यांच्या जिवावर येतं. पण खोटं लिहीत नाहीत. मी एकेक मॅन्युअल कारकुनाकडून पूर्ण ऐकायचो, मग कमांड चालवायचो, मग मुद्दाम चुकवायचो आणि काय म्हणते ते ऐकायचो. फाइल कुठे असते, हक्क कुणाचे असतात, कुठली प्रक्रिया कुणाला जन्म देते, चुकलं की तक्रार कुठे नोंदवली जाते. नोकरीत इतकी वर्षं मी सर्व्हरवर जे टाइप करत होतो त्यातलं निम्मं मला आता समजलं. विभागप्रमुखाला समजावं लागत नाही, हेही त्याच वेळी समजलं.

अडलो तेव्हा इंटरनेटवरच्या मंडळात प्रश्न विचारला. मी सगळी कहाणी लिहिली, डोळे, वय, कारकून. उत्तर आलं: "मॅन्युअलच्या तिसऱ्या परिच्छेदात हे लिहिलं आहे. वाचून मग विचारा." मी खूश झालो. कित्येक दिवसांनी कुणीतरी माझ्याशी नीट तुसडेपणाने वागलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात होतंही.

पण अति तिथे माती. कारकुनाच्या आवाजात एक खरखर होती. मला वाटलं, आता आपल्याला येतं. आवाज कुठल्या कार्डातून जावा हे सांगणारी एक लहानशी फाइल असते. ती मी उघडली, दोन आकडे बदलले, जतन केली, संगणक पुन्हा सुरू केला. शांतता. बीपसुद्धा नाही. मी सगळा आवाज मॉनिटरकडे पाठवला होता, आणि आमच्या मॉनिटरला स्पीकरचं तोंडच नाही. डोळस माणूस अशी चूक करतो आणि पडद्यावर वाचून दुरुस्त करतो. माझा वाचणारा मीच मुका केला होता, आणि तो का मुका झाला हे सांगायलाही तोच हवा होता. ही चूक करायला माझ्यासारखाच माणूस लागतो, म्हणजे ज्याला दिसत नाही आणि ज्याला येतं.

दोन तास मी एकटाच झटापट करत बसलो. मग हाक मारली, "अगं, जरा येतेस का?"

ती आली. ओल्या हातांचा वास आला, म्हणजे भांडी टाकून आली होती. खुर्ची ओढून शेजारी बसली. मी एक कमांड टाइप केली आणि म्हणालो, "काय आलंय?"

"काहीतरी नाही म्हणतंय."

"काहीतरी म्हणजे काय? शब्द काय आहे?"

"अहो, फाइल सापडत नाही, असं काहीसं."

"असं काहीसं नको!" मी टेबलावर थाप मारली. "जे लिहिलंय ते वाच. अक्षर न् अक्षर. तुला अर्थ लावायला सांगितलेला नाही. पूर्णविरामासकट वाच!"

मग तिने शाळेतला आवाज काढला आणि वाचायला लागली. "कार्ड, मोकळी जागा, शून्य, एकावर एक दोन टिंबं, मोकळी जागा..." ती एकही रेघ सोडत नव्हती. आडवी रेघ, पुन्हा आडवी रेघ, चौकोनी कंस सुरू, चौकोनी कंस पूर्ण. त्यातलं तिला काही कळत नव्हतं, म्हणून काय गाळावं हेही कळत नव्हतं. मी विचारलं, "हे टिंब आहे की स्वल्पविराम?" तर उठून आतून शेवाळ बघायचं भिंग घेऊन आली आणि म्हणाली, "टिंब." इतकं चोख वाचन माझ्यासाठी आजवर कुणी केलं नव्हतं. दुपारपर्यंत आकडे जागेवर आले आणि कारकून खाकरला. "लॉगिन दोन टिंबं."

"बोलला हो," ती म्हणाली. तिच्या आवाजात मला अभिमान ऐकू आला. मी म्हणालो, "तुझे हात कोरडे करून यायला हवं होतंस, कीबोर्ड ओला झालाय." तसा तो झालाही होता.

त्यानंतर मी वेग वाढवत नेला. ऐकून ऐकून कान तयार होतात. आधी माणूस बोलतो तेवढा वेग, मग वर्गात शिक्षक येताना दिसल्यावर मुलं बोलतात तेवढा, मग त्याहून वर. शेवटी कारकून काय बोलतो ते मला सोडून कुणालाही कळेना. नुसती पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर. एका घोटात मेल, दुसऱ्या घोटात बातम्या. मला कुणाची गरज उरली नाही. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, खरंच कमाल केलीत." मी म्हणालो, "तुझ्या नवऱ्याला सांग, त्याच्याकडे यावर सोल्युशन असेल तर कळवायला."

बायको सकाळी शेजारी बसायची तेवढं राहिलं. चहा घ्यायची आणि विचारायची, "काय म्हणतोय?" मी सांगायचो, अमक्याचा मेल आहे, तमकी बातमी आहे. "माझं काही?" "नाही." मग ती कप घेऊन उठायची.

त्या सकाळीही ती शेजारीच होती. मी मेल उघडले. पहिले दोन फालतू होते. तिसरा प्रकाशकाचा. त्यांच्या कुणा वाचकाचा अभिप्राय जसाच्या तसा पाठवला होता. कारकून सुटला.

"पहिल्या तीन प्रकरणांत लेखिका मुलांशी बोलत नाही, वर्गाशी बोलते. फळा दिसतो, शेवाळ दिसत नाही."

मला हसू आलं. वाक्य चांगलंच होतं. मग कुणाबद्दल आहे ते ध्यानात आलं.

"बालमित्रांनो हा शब्द इतक्या वेळा येतो, की शेवटी बालमित्रांचाच राग येऊ लागतो. शेवाळाला ओल लागते. ही पानं इतकी कोरडी आहेत की यांवर काही उगवेल असं वाटत नाही."

मी कंट्रोलचं बटण दाबलं. ते दाबलं की कारकून गप्प होतो. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. कोण हा शहाणा? कुठल्या खुर्चीत बसून लिहितोय? ती बाई उन्हातान्हात भिंतींपाशी उभी राहिली, कंबर धरून घरी आली, बोटांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं, आणि हा एका ओळीत निकाल लावतो? माझा डावा पाय आपोआप हलायला लागला.

"काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"काही नाही गं," मी म्हणालो. "नेहमीचंच."

माझ्या तोंडातून ते इतकं सहज आलं की मला स्वतःलाही पटलं.

ती हलली नाही. कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. "प्रकाशकाचा आहे ना?"

"हो, म्हणजे, वाचताहेत म्हणे अजून. वेळ लागेल."

"अहो."

"काय?"

"हा शब्द माझा आहे. मी किती महिने वापरला, मला माहीत आहे तो कधी वापरतात." तिने खुर्ची जवळ ओढली. "त्याला हळू करा."

"अगं, तुला उगीच वाईट वाटेल."

"वाटू दे. हळू करा, आणि पहिल्यापासून. पूर्णविरामासकट."

मी वेग खाली आणत गेलो. प्रत्येक पायरीला कारकून एक शब्द म्हणून दाखवायचा, वाळूचे खडे झाले, खड्यांची अक्षरं झाली. मग त्याने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. फळा दिसतो स्वल्पविराम शेवाळ दिसत नाही पूर्णविराम. याच आवाजाचं मी कौतुक केलं होतं. दया नाही, माया नाही, कसलीही घाई नाही. 'बालमित्रांनो'वर तो अडखळला आणि तो शब्द त्याने फोडून म्हटला, जणू त्यालाही राग आला होता. मी कडेच्या नजरेने तिच्याकडे बघत होतो. चेहरा मला दिसतच नाही. मांडीवरचे हात दिसत होते. त्यांनी पदराचं टोक धरलं होतं आणि ते सोडत नव्हते.

"उगवेल असं वाटत नाही पूर्णविराम."

तिने दीर्घ श्वास घेतला. "चांगलं लिहितो हो," ती म्हणाली. "अगदी तुमच्यासारखं."

मी बटणाकडे बोट नेलं, पण कारकून थांबला नव्हता.

"चौथ्या प्रकरणात मात्र लेखिका शाळेच्या मागच्या भिंतीपाशी गुडघे टेकून बसते आणि मुलांना विसरते पूर्णविराम. दगडफूल एका वर्षात नखाएवढंही वाढत नाही स्वल्पविराम आणि ती त्याच्याकडे नोकरीची सगळी वर्षं बघत आली आहे स्वल्पविराम हे वाचताना मी खुर्चीतून उठून खिडकीबाहेरची भिंत पाहून आलो पूर्णविराम. उरलेलं सगळं पुस्तक त्या भिंतीपाशी बसून पुन्हा लिहावं आणि आम्हालाच पाठवावं पूर्णविराम. आम्ही वाट पाहू पूर्णविराम."

कारकून थांबला. बाहेर कुणीतरी बादली भरत होतं, नळाचा आवाज येत राहिला.

"हे तुम्ही सांगणार नव्हतात?" ती म्हणाली.

"हे मी ऐकलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"कोरडी आहेत म्हणाला, तिथेच मी त्याला थांबवलं."

"अर्ध्यात?"

"हो."

"आणि मी, ते अजून वाचताहेत म्हणून, वाट बघत बसले असते."

बोलण्यासारखं एकच होतं, की तुझं बीपी वाढलं असतं. पण तिला बीपी नाही. ते माझं आहे.

"दोन पानं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझं पुस्तक तुम्ही दोन पानं ऐकलंत. मग शेवाळ, मग वाचता येत असतं तर, आणि मग तुम्ही चहा मागितलात. मी तुम्हाला चौथं प्रकरणच वाचून दाखवणार होते. पहिल्यापासून सुरुवात करावी म्हणून केली."

ती उठली. मला वाटलं स्वयंपाकघरात जाईल. कपाटाचं दार वाजलं, फाइलची दोरी सुटल्याचा आवाज आला, आणि ती परत येऊन समोर बसली. शेजारी नाही, समोर. तिच्या दोन्ही बाजूंचे केस दिसत होते. पांढरे झाले होते. कधी झाले कोण जाणे.

"हा बंद करा," ती म्हणाली. मी कारकुनाला बंद केलं.

तिने पानं चाळली, घसा साफ केला, आणि शाळेतल्या नव्हे, दुसऱ्याच एका आवाजात वाचायला सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात एक शब्द मला खटकला. जीभ टाळ्यापर्यंत आली होती. मी कीबोर्डवरून दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.